केस पेपरावरचं 'शाकाहारी'

शहागडच्या फाट्यावर पुण्याची गाडी यायला अजून वेळ होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासली. माय पदरानं नाक पुसत होती आणि उसाचे ट्रक अंगावर धुरळा टाकून जात होते. मी नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाले होते. निवृत्त मास्तर अशा वेळी काय सांगेल? नीट राहा, तब्येत सांभाळ. दादांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली केला आणि म्हणाले, "तिकडं कोणी इचारलं तर शाकाहारी सांगत जाय. जास्ती खोलात शिरायचंच न्हाई."

मला त्यात नवल वाटलं नाही. पुण्याच्या हॉस्टेलात चार वर्षं मी तेच सांगितलं होतं.

वस्तीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे माहीत आहे, पण आपण ते आपसांतसुद्धा बोलत नाही, म्हणून लिहिते. आपण बौद्ध. आज्यांच्या पिढीनं धम्म घेतला, मेल्या ढोराचं मांस सोडलं आणि ते ताठ मानेनं सोडलं. डुकराचं मटण मात्र काही घरांत राहिलं. आमच्या घरानं ते सोडलंही नाही आणि कबूलही केलं नाही. दादा ते कुंभार पिंपळगावच्या बाजारातून कधी घ्यायचे नाहीत, लांबच्या गावाहून काळ्या पिशवीत आणायचे. माय दार लोटून शिजवायची आणि वास झाकायला येसर, म्हणजे आमचा घरचा काळा मसाला, मुद्दाम जास्त घालायची. कोणी विचारलं तर वांगं. आमच्या घरी बारा महिने वांगंच शिजतं असं गावाला वाटत असेल.

गावाला तसं काही वाटत नव्हतं. शाळेत पोरं मला 'डुकरं खाणारे' म्हणायची आणि त्याच शाळेत दादा गुरुजी होते. ते ऐकू आलं की दादा फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट, वळणदार अक्षर, वर्गात शुद्ध भाषा. तो माणूस सगळी नोकरी त्या दोन शब्दांपासून लांब पळत होता, हे मला फार उशिरा कळलं.

जर्मनीत पहिल्याच दिवशी हॉस्टेलचा फॉर्म आला आणि माझ्या हातानं आपोआप शाकाहारीच्या चौकोनात खूण केली. मंग काय, बटाटे. उकडलेले बटाटे, भाजलेले बटाटे, बटाट्याचं सूप आणि पावावर चीज. तीन महिन्यांत माझं वजन उतरलं आणि एक दिवस वॉर्डात पेशंटचं बीपी घेता घेता मलाच चक्कर आली. हजार कोसांवर, जिथं माझी जात कोणाला उच्चारताही येणार नाही, तिथं मी वांगंच शिजवत बसले होते.

पुढं नोकरीतल्या प्रशिक्षणात आहाराच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी मांसांचा तक्ता लावला. डुकराचं मांस म्हणजे तिकडं रोजचं खाणं, आपल्याकडच्या वरणासारखं. त्या सांगत होत्या, चरबी काढलेल्या मांसात शंभर ग्रॅममागं वीस-एक ग्रॅम प्रथिनं. बी-वन जीवनसत्त्व बाकीच्या मांसांपेक्षा बरंच जास्त. शिवाय बी-बारा, झिंक, थोडं लोह. चरबीचा तुकडा घेतला तर हिशेब बदलतो. सॉसेज आणि हॅममध्ये मीठ फार, रक्तदाबाच्या माणसानं जपून. आणि कच्चट कधी खायचं नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं. आजूबाजूला सतरा-अठरा जण होते, कोणी हसलं नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मला एकाएकी रडू आलं. बाईंना वाटलं मला घरची आठवण आली, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या रविवारी मी कँटीनमध्ये श्निट्सेल, म्हणजे पावाच्या चुऱ्यात तळलेलं डुकराचं मांस, घेतलं. बेचव होतं. मायच्या हातच्या कालवणापुढं अगदीच मिळमिळीत, पण मी ताट साफ केलं आणि फॉर्मवरची खूण बदलून घेतली. घरी मात्र फोनवर भाजी-भातच सांगत राहिले.

मागच्या हिवाळ्यात माय अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. जालन्यात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, पण जखम काही भरेना. टाक्यांतून पाणी यायचं, पाठीवर झोपून झोपून दुसरी जखम सुरू झाली. मी व्हिडिओ कॉलवर पाहायचे. माझ्या वॉर्डात मी रोज अशा जखमा पाहते, त्यामुळं पुढं काय होऊ शकतं हे मला नको तितकं ठाऊक होतं. माय हातातून जाईल अशी भीती मला वाटत होती.

"काय खाऊन राह्यली ती?" मी विचारलं.

"बराबर कागदावर लिव्हलंय तेच," दादा म्हणाले आणि त्यांनी डाएट चार्ट कॅमेऱ्यासमोर धरला. पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं. त्याला जोडलेल्या केस पेपरावर लिहिलेलं: शाकाहारी.

भरतीच्या वेळी नर्सनं विचारलं होतं आणि दादांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं होतं. त्यावरून डॉक्टरांनी चार्ट दिला. इथवर समजण्यासारखं होतं. पण दादा पडले मास्तर. लिहिलेलं वाक्य म्हणजे त्यांना शाळा तपासणीचा शेरा. चार्टात अंडं नाही म्हणून त्यांनी मायचं अंडं बंद केलं. कोंबडी बंद केली. पनीर मायला आवडत नव्हतं, सोयाबीन तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती अर्धी भाकरी आणि डाळीचं पाणी यावर जखम भरायची वाट पाहत होती. स्वतःच सांगितलेलं खोटं डॉक्टरांच्या सहीनं परत आलं आणि दादांनी ते खरं मानलं.

मी चिडले. आईबापाशी जन्मात बोलले नव्हते तशी बोलले. "दादा, तिला काय खावंसं वाटतं ते तरी विचारलं का?"

मागून मायचा आवाज आला, "मला आपलं डुकराचं कालवण पायजे. दोन महिने झाले सांगून राह्यले, हे ऐकतच न्हाईत."

डाळी-अंड्यांनीही जखमा भरतात, हे मी नर्स म्हणून सांगते. पण माणसानं ते खाल्लं तर. मी दादांना म्हटलं, मायच्या बाकीच्या तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टरांकडे आहेत, तेव्हा उद्या जा, खरं सांगा आणि चालेल का विचारा. त्यांनी चार्टाची घडी घातली. मग म्हणाले, "तिथं आपल्या भागातले लोक असतेत, बाई. माझे विद्यार्थी असतेत."

दुसऱ्या दिवशी मी ब्रेकमध्ये असताना त्यांनी फोन लावून शर्टाच्या खिशात ठेवला. मला ओपीडीचा गलका ऐकू येत होता. डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडंच असावं. दादांनी घसा खाकरला.

"मॅडम, केस पेपरावर चूक झाली. माझ्याच्यानं झाली. आम्ही शाकाहारी न्हाई. आमच्यात डुकराचं मटण खातेत. ही लहानपणापासून खाती."

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं.

"कोण हसलं रे?" दादा गरजले. तो आवाज मी ओळखला. वर्गात दुसऱ्यांसाठी मी तो पुष्कळदा ऐकला होता, माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. ओपीडी चिडीचूप झाली.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, हे आधीच सांगायचं ना. खाऊ द्या. चरबी काढा, खूप शिजवा, तिखट कमी. अंडं आजपासूनच सुरू करा."

जखम भरली. कालवणानं भरली, अंड्यानं भरली की नुसत्या पोटभर जेवणानं, हे मी छातीठोक सांगणार नाही. माय आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. गावात चार दिवस कुजबुज झाली. एका घरानं दादांना चहाला बोलावणं बंद केलं, आणि दादांना त्याचं वाईट वाटतं, हेही खरं आहे.

मला इथं विचारतात, घर कुठं? पूर्वी मी जालना जिल्हा सांगून मोकळी व्हायचे. खरं तर त्या घरातून मी निघाले तेव्हा आम्ही सगळेच तिथं लपून राहत होतो. आता कुठं मला तिथं परत जावंसं वाटतं.

परवा मायनं फोनवर विचारलं, "काय जेवलीस?" फोन स्पीकरवर होता. ओट्यावर गावातली चार माणसं बसली होती, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. मी सांगितलं, डुकराचं मटण केलं होतं, तुझा येसर घालून.

ओट्यावरचं बोलणं थांबलं. दादांनी स्पीकर बंद केला नाही.