नापास करणारे साहेब

जगातली प्रत्येक वस्तू माणसाला दगा द्यायला टपून बसलेली असते, अशी आमच्या तपासणीच्या साहेबांची पक्की खात्री होती. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या ज्या कारखान्यात मी शेतीपंपांची ड्रॉइंगं काढायचो, तिथलं तपासणी खातं त्यांच्या ताब्यात होतं. आणि अहो, संध्याकाळी कारखाना सुटला तरी साहेब काही सुटायचे नाहीत! छत्री घ्यायची तर दुकानदाराला घेऊन थेट नळाखाली. गड्ड्याच्या जत्रेत मुलांना पाळण्यात बसवायचं, तर आधी तो रिकामा फिरवायला लावला, मग वाळूची पोती घालून. पोत्यांची हौस फिटेपर्यंत आमची पोरं खांद्यावर झोपून गेली. "झोपली, पण शाबूत आहेत ना?" साहेब म्हणाले.

पंप तपासायची त्यांची तऱ्हा तर औरच. सगळी मापं जुळली तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. तो पंप कधी पाहिलेला नाही असं माणूस खेड्यातून बोलवायचं, पंप त्याच्या स्वाधीन करायचा आणि आम्ही सगळ्यांनी हात मागे बांधून गप्प उभं राहायचं. कुणी खोकलं तरी साहेब डोळे वटारायचे आणि नंतर विचारायचे, "शेतात जाणार आहात का तुम्ही, सांगायला?"

माझा पहिला पंप असाच त्यांच्यासमोर आला. माझी नोकरी कायम होणं त्यावर होतं, आणि नोकरीवर लग्न; मुलीकडच्यांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. मालकांनी पेढेसुद्धा आणून ठेवले होते. मंगळवेढ्याकडच्या एक शेतकरीण बाई आल्या. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावं लागतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"ह्यात पाणी कुटनं वतायचं वो?"

साहेब गप्प.

"आत्ता गं बया! मुका हाय व्हय ह्यो?"

बाईंनी पंपाचं तोंड शोधलं आणि भरली घागर उपडी केली. मी नरसाळ्याने ओतायचो. शेतात नरसाळं कुठलं? तोंडाच्या बरोबर खाली मी विजेचं बटण बसवलं होतं. ते न्हाऊन निघालं. बाईंनी ओला हात बटणाकडे नेला, आणि जन्मात तपासणीत न बोललेले साहेब ओरडले, "थांबा बाई!" धावत जाऊन त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच बंद केला.

"बोलतोय की ह्यो!" बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. साहेबांनी मेन स्विचवरचा हात काढला नाही.

मालक माझ्यावर उखडले. "असला माणूस ठेवून काय करू?"

"मी पंप नापास केलाय, पोराला नाही," साहेब म्हणाले. "चूक दिसल्यावर वाद घातला नाही त्यानं. असा माणूस ठेवावा."

खरं म्हणजे माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता! पण मालकांनी ऐकलं. मी बटण दुसऱ्या बाजूला नेलं, पंप कधी न पाहिलेल्या दुसऱ्या एका बाईंनी तो सुरू करून दाखवला, आणि साहेब माझ्या लग्नात पोटभर जेवले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली मी काहीही नवं काढलं की माणसं न बघताच "छान" म्हणतात. मला त्याची फार भीती वाटते.