कोऱ्या कागदावरची सही

दिगंबर गेल्याचं आदिलाबादच्या बसमधून उतरलेल्या माणसानं सांगितलं. झोपेतच गेला म्हणे, कण्हला नाही की कोणाला उठवलं नाही. खोटं कशाला सांगू, त्याचे हाल झाले नाहीत म्हणून मला आधी हायसं वाटलं... रडू मागाहून आलं.

आमी दोघं एका शाळेत बसलो. मी दुसरीतून उठलो, तो वकील झाला. पण आमच्या घरात अंगठा न लावणारा पहिला माणूस मीच, आणि तो तोरा मी कधी उतरवला नाही. त्या तोऱ्यापायीच एकदा बुडत होतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावच्या देशमुखाचे बैल नाहीसे झाले. आदल्या दिवशी माझं त्याच्याशी भांडण झालेलं, म्हणून जमादारानं मला ठाण्यात नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा कागद पुढं केला. "अंगूठा लगा और घर जा." मी ताठ मानेनं म्हटलं, "अंगठा नाही, मी सही करतो." त्यानं हसून टाक दिला. मी 'कि' काढला तेवढ्यात दारातून आवाज आला, "किसन्या, कशाखाली सही करून राह्यला बे?"

माझ्या बायकोचा निरोप मिळताच दिगंबर पहिल्या बसनं आला होता. त्यानं टाक काढून घेतला. "वर हा काय लिहीन, ठाऊक आहे? 'बैल मी चोरले.'" मग जमादाराकडे वळला. "याला काऊन धरलं ते सांगितलं का? चोवीस तासांत मुन्सफापुढं न्यायचं, आता राज्यघटनेत लिहिलं आहे."

जमादार म्हणाला, "इत्ते दिन ऐसाइच चला, वकीलसाब."

"चला होगा. अब नहीं."

दुपारी मी मुन्सफापुढं होतो. माझ्याविरुद्ध कागद एकच, त्यावर नुसता 'कि'. संध्याकाळी जामिनावर घरी जेवलो. आठवड्यानं बैल जंगलाच्या कडेला चरताना सापडले. सही केली असती, तर बैल घरी आले असते अन् मी आतच राहिलो असतो...

त्यानंतर जन्मभर, भेटला की दिगंबर विचारायचा, "किसन्या, सही पुरी झाली का?"

तेराव्याला त्याच्या मुलानं आलेल्यांच्या सह्यांची वही पुढं केली. "काका, बाबांसाठी इथं सही करा." पान कोरं होतं.

मी म्हटलं, "आधी वर लिही."

"काय लिहू?"

"मी सांगतो ते."

सांगितलं ते हेच. दोनदा वाचून घेतलं. आता खाली सही करतो. पुरी.