कळसचा माईक चीनला

इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात कुठलाही कार्यक्रम असो, माईक अविराजच्याच हातात. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची सभा, नव्या ट्रॅक्टरची पूजा, साखरपुडा. पार बारामतीपर्यंत त्याला बोलावणं यायचं. आवाज असा खणखणीत, की मागच्या रांगेत डुलक्या घेणाराही टाळ्या वाजवतच जागा व्हायचा. मानधन म्हणून टॉवेल, टोपी आणि नारळ. नारळ बनाबाई, म्हणजे त्याची आई, आमटीत घालायची, टोप्या पाहुण्यांना वाटायची, आणि टॉवेलांनी कपाट भरलं होतं.

वडिलांना, गेणबांना, हे बिलकूल पसंत नव्हतं. पेरूची बाग, दोन म्हशी आणि फार थोडी सहनशक्ती एवढा त्यांचा संसार. "आरं, माईक चावून पोट भरतं व्हय?" ते विचारायचे. "साऱ्या तालुक्याचा सत्कार करतोयस, तुला कोण इचारतंय?" तरी प्रत्येक कार्यक्रमाला ते जायचेच. मांडवाच्या कडेला उभं राहायचं आणि आभाराच्या आधी घर गाठायचं. त्यांना स्वतःला कधी कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. ते बोलून दाखवत नसत, पण बनाबाईला ठाऊक होतं.

अविराज नुसता बडबड्या नव्हता बरं का. फळप्रक्रियेत पीएच.डी. केली, तासिका तत्त्वावर कॉलेजं पालथी घातली, आणि एक दिवस चीनमधल्या एका विद्यापीठात परदेशी व्याख्याता म्हणून त्याची निवड झाली. बातमी घरोघर पोचायच्या आत चुलतभाऊ राजवर्धननं चौकात फ्लेक्स लावला. मधोमध गॉगल घातलेला अविराज, मागे चीनची भिंत, आणि खाली शुभेच्छुकांचे इतके फोटो, की निम्मी भिंत त्यांनीच झाकली. नेमणूक एका वर्षाची आहे, पुढचं काम बघून ठरणार, हे फ्लेक्सवर कोण छापणार? वर्षात परत यायची वेळ आली, तर एसटीतून उतरून त्याच गॉगलखालून मान खाली घालून घरी जावं लागणार होतं. अविराजला झोपेतसुद्धा तो फ्लेक्स दिसायचा.

बनाबाईनं बॅगेत कपडे कमी आणि टॉवेल जास्त भरले. "तितं मिळत्याल न्हाय मिळत्याल," ती म्हणाली.

चीनमध्ये टॉवेल मिळत होते. मिळत नव्हता तो आवाज. वर्गात मुलं वेळेवर हजर, वह्या नीट, आणि तोंडं बंद. "जेली घट्ट का होते?" असं विचारलं की सगळ्या माना खाली. विनोद केला तर तो मुलांनी लिहून घेतला. सोसायटीच्या सभेत दोन्ही गटांना एकाच वेळी हसवणारा हा माणूस, पण इथं त्याला दरदरून घाम फुटला.

विभागप्रमुख तांग मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. "तुमच्या तासाला फक्त तुमचाच आवाज बाहेर येतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी थोडा वेळ येऊन बसेन. मुलं बोलली तर करार वाढेल." नाही बोलली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. चहाच्या कपावर झाकण ठेवलं आणि विषय संपला.

पुढच्या प्रात्यक्षिकात एका बाटलीतली पेरूची जेली अशी स्वच्छ उतरली होती, की पलीकडचं दिसावं. "ही कुणी केली?" अविराजनं विचारलं. मेई नावाच्या मुलीनं मान आणखी खाली घातली. पण शेजारच्या तिघीजणी एकदम बोलल्या, "मेईनं! तिची जेली कधीच फसत नाही!"

अविराज थबकला. अरे, ही तर कळसची रीत! आपल्याकडं तरी स्वतःबद्दल कोण बोलतो? सत्कारमूर्ती खाली बघत नख कुरतडत बसतो आणि बोलायचं काम बाकीचे करतात. पुढच्या आठवड्यात त्यानं वर्गात रीतसर कार्यक्रमच ठेवला. एकानं प्रास्ताविक, दुसऱ्यानं परिचय, तिसऱ्यानं मेईची जेली का जमली यावर भाषण, शेवटी आभार. मेईच्या खांद्यावर बनाबाईच्या कपाटातला टॉवेल. पोरं अशी बोलायला लागली, की शेजारच्या वर्गानं येऊन दार लावून घेतलं.

अविराजनं त्यांना नियमही शिकवले. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतात. आणि कार्यक्रम चालू असताना कुणी पाहुणा आला, तर सगळं थांबवून आधी त्याचा मान. शिस्तीची पोरं ती, नियम पाठच करून टाकले.

तांग मॅडम आल्या, त्या दिवशी अविराजला साधं व्याख्यान द्यायचं होतं. मुलांनी मात्र मधली खुर्ची मांडून ठेवली होती. मॅडम दारात दिसताच मेईनं त्यांना अध्यक्षस्थानी बसवलं आणि खांद्यावर टॉवेल घातला. मॅडमना दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. त्या उठायला लागल्या की कुणीतरी त्यांचे आभार मानायचं आणि त्या पुन्हा बसायच्या. अध्यक्षांना मधूनच जाता येत नाही, हे मेईनं त्यांना नम्रपणे सांगितलं. करार गेला, असं अविराजनं मनातल्या मनात गृहीतच धरलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्लाईड दाखवायला त्यानं मोबाईल पडद्याला जोडला होता आणि गडबडीत बोट भलतीकडंच पडलं. भिंतभर गेणबा प्रकटले, मागे म्हैस. "आरं, मोटर जळली का काय, पानी चढंना झालंय!"

"हे कोण?" मेईनं विचारलं.

"माझे वडील."

मेईनं हात वर केला. वर्ग गप्प झाला. "आत्ताच आपल्यामध्ये एका मान्यवर पाहुण्यांचं आगमन झालं आहे," ती म्हणाली. "सर, कृपया पाहुण्यांचा परिचय करून द्या."

ज्याला सगळ्या तालुक्याचा परिचय तोंडपाठ, त्याला शब्द सापडेना. एवढ्या माणसांना त्यानं मोठं करून सांगितलं होतं; बापाचा परिचय द्यायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. "हे गेणबा," तो कसाबसा म्हणाला. "कळसचे. मी आज जो काही आहे तो यांच्या बागेतून आलोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोठ्यात शेजारीच उभ्या बनाबाईला तिकडचं बोलणं काही कळलं नाही, पण सत्काराच्या टाळ्या ती बरोबर ओळखते. तिनं दावणीचा टॉवेल ओढला, त्यानं म्हशीची कास पुसून झाली होती, आणि तोच नवऱ्याच्या खांद्यावर टाकला.

गेणबा ताठ झाले. खाकरले. आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात. पेरू, म्हशी, विजेचं वेळापत्रक, सगळं आलं. आभाराच्या आधी पळणारा हा माणूस, पण आज त्याला आवरणार कोण? शेवटी ते मधल्या खुर्चीकडं वळले. "बाई, आमचं पोर बडबड लई करतंय, पर काम चोख हाय. ठिवून घ्या त्याला. हितं फ्लेक्स लागलाय."

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

अविराजनं डोळे मिटले आणि शब्दन् शब्द खरा सांगितला, फ्लेक्ससकट. तांग मॅडम तोंडावर टॉवेल धरून हसल्या, आणि पोरांनी पहिल्यांदाच मॅडमना हसताना पाहिलं. मग त्या अध्यक्षीय भाषणाला उठल्या. दोनच वाक्यं बोलल्या. करार वाढवला आहे. आणि यापुढं विद्यापीठाच्या सगळ्या समारंभांचं सूत्रसंचालन यांच्याकडं.

म्हणजे माईक काही सुटला नाही.

मोटर त्याच दिवशी दुरुस्त झाली. तरी अविराजचा तास असला की गेणबांचा फोन येतो. केस चापून बसवलेले, खांद्यावर कपाटातला कोरा टॉवेल. "त्या मोटरचं इचारायचं हुतं," ते म्हणतात, आणि मागच्या बाकापर्यंत नजर टाकतात. "कारेक्रम चालू हाय का?"