बंद स्पीकर आणि दोन टुंग

अंगात येणं, नजर लागणं, झपाटणं यातलं काही मी मानत नाही. माहेरी लोक देवऋष्याकडे जात, तेव्हा मी मागे घरी राहून भाकरी करायची. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तरी आपल्याला दिसलं तेवढंच खरं, असं मी धरून चालते. म्हणून हे कोणाला सांगितलं नाही... सांगायचं म्हटलं की जीभ आत जाते. लिहायला तेवढी लाज वाटत नाही.

आमचं गाव आमगाव तालुक्यात. माझे मालक राईस मिलमध्ये कामाला आहेत. लेक सुमी लग्नाआधी घरी बसून लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायची. तो कॉम्प्युटर आमच्या ओसरीतच राहिला. लग्न होऊन ती रायपूरला गेली आणि तिकडे एका ऑफिसात लागली. तिच्या सासरी फोनवर बोलायला लागली की कोणीतरी शेजारी येऊन बसायचं, आणि ऑफिसात मोबाईल गेटवरच जमा करावा लागायचा. मग तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून ती मला लिहायची. चॅटचा प्रोग्राम तिनेच मला शिकवला. कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्या. मी एका बोटाने लिहायची. मेसेज आला की स्पीकरमधून ‘टुंग’ वाजायचं, आणि मी हातातलं काम टाकून ओसरीत यायची. तिला मोकळं बोलायला तेवढी एकच जागा होती.

पोळ्यानंतर तो आवाज बंद झाला.

मेसेज यायचे, पडद्यावर दिसायचे, पण वाजायचं काही नाही. सुमीने तिकडून एकेक सांगितलं... खाली कोपऱ्यात भोंग्याचं चित्र आहे, त्यावर फुली आहे काय? नाही. प्रोग्राममध्ये घंटीचं चित्र आहे, ते दाबून पाहा. दाबलं.

“आता पाठवते. वाजलं?”

“नाही.”

“आता?”

“नाही वो बाई.”

“माय, तू स्पीकरच्या बाजूनंच बसली आहेस ना?”

“त्याच्या मांडीवर बसू काय?”

त्यावर ती हसली असेल. हसण्याचं चित्र आलं. मग तिने लिहिलं, “जाऊ दे. तुले कामं राह्यतात. दिसन तवा पाह्य.”

त्यानंतर तिचं लिहिणं कमी झालं. आधी दिवसातून चार-पाच वेळा व्हायचं, आता एखादाच शब्द... “जेवली.” “बरी हाय.” मी येता-जाता पडदा पाहायची. पण दुपारी लिहिलेलं मला संध्याकाळी दिसायचं, तोवर तिचं ऑफिस सुटलेलं असायचं. ती हाक मारते आणि मी घरात नाही, असं ते झालं होतं. हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दिवाळी झाली. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास मी मागच्या अंगणात वालाच्या शेंगा तोडत होते. ओसरीतून आवाज आला... टुंग. थोड्या वेळाने परत एकदा. स्वच्छ, नेहमीसारखा. मला आनंदच झाला. शेंगा ओच्यात तशाच घेऊन आत आले. मालक ओसरीत कॉम्प्युटरपासून दोन हातांवर सुपारी कातरत बसले होते.

“वाजलं ना?” मी म्हटलं.

“काय वाजलं?”

“कम्पुटर.”

“मी इथं बसून राहिलो, मले नाही आलं ऐकू. तुले काऊन आलं? कान वाजून राहिले तुये.”

पडद्यावर नवीन काहीच नव्हतं. कालचं “बरी हाय” तेवढं होतं. मी परत फिरणार होते... पण पाय निघेनात. बसले आणि एका बोटाने लिहिलं, “सुमे, बोलावलं काय तू? येऊ काय मी?”

मग आवाज न होता अक्षरं आली.

“माय तुले कोणं सांगतलं”

आणि त्याखाली — “मी आत्ताच लिवलं होतं. दोनदा. मले घेऊन जा म्हणून. पाठवलं नाही. खोडून टाकलं.”

मी मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही रायपूरला गेलो. तिथे काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. तिच्या मनगटाकडे पाहून मालक बाहेर जाऊन उभे राहिले, एवढंच सांगते. परक्यांसमोर माझं तोंड उघडत नाही. त्या घरात मी एकच वाक्य बोलले, “आमी लेकीले घेऊन जाऊन राहिलो.” पुढे तिच्या सासरचे काय काय बोलले, मला आठवत नाही. मी तिची बॅग धरली होती.

नंतर आमगावचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊ आले. डबा फिरवून पाहिला आणि हसायला लागले.

“भाभी, स्पीकर की पिन गुलाबी छेद में है. वो माईक का है. हरे में लगनी चाहिए. किसने निकाली थी?”

मीच काढली होती. आमच्याकडे आभाळ गडगडलं की घरोघरी सगळ्या पिना उपटून ठेवतात, वीज पडली तर वस्तू जळते म्हणून. परत लावताना छिद्र चुकलं. त्यांनी हिरव्यात लावली आणि इतक्या जोरात वाजलं की ओसरीतली कोंबडी पळाली.

“गुलाबीत असताना एखाद वेळी वाजते काय?” मी विचारलं.

“ना. सवाल ही नहीं.”

“आणि समोरच्यानं लिहून खोडलं तर?”

“लिखते समय परदे पे दिखता है कि लिख रहा है. पर आवाज नहीं होती, भाभी. भेजेगा तब होगी.”

मी अंगणात होते. पडदा मला दिसत नव्हता. मोबाईल मालकांच्या खिशात होता आणि त्याची घंटी गाण्याची आहे. कान वाजले म्हणावं, तर त्याच वेळी आणि दोनदाच कसे वाजले? सुमी म्हणते, विचार करू नको. मी करते. तिने ज्या दिवशी पहिल्यांदा लिहून खोडलं असेल, त्या दिवशी मला का ऐकू आलं नाही, हेही मनात येतं. तसे दिवस किती होते ते मी तिला विचारलेलं नाही.

ती आता नागपूरला काम करते, मैत्रिणीसोबत खोलीवर राहते. आवाज नीट येतो. रोज दुपारी तिचं “जेवली” येतं, आणि मी एका बोटाने लिहिते, “खोडलं काय ते सांग.”