सांबारवडीचा डबा
कोथिंबीर भरलेली नागपुरी सांबारवडी तळल्याचा वास आला की मला आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं लेकीच्या कॅथलिक शाळेचं गेट आठवतं. नागपूरहून नुकतीच आलेली एक बाई पावसात छत्री सांभाळत मला विचारत होती, "ताई, इथे ॲडमिशनला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो का हो?" लागत नव्हता, जागाही होत्या. पण लेकीच्या वर्गात आधीच चार भारतीय मुलं होती, पाचवं मला नको होतं. "लागतो," मी म्हणाले, "तुम्ही दुसरीकडे बघा." दुसऱ्या दिवशी ती गेटवर माझी वाट बघत उभी. "बरं झालं सांगितलंत, नाहीतर उगाच हेलपाटे पडले असते," म्हणत तिने गरम डबा माझ्या हातात दिला. वड्या आम्ही मिटक्या मारत खाल्ल्या. लेक आता कॉलेजात जाते, डबा अजून माझ्याच कपाटात आहे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि त्यात काय घालून द्यावं, ते मला आजवर सुचलेलं नाही.