माग थांबले की येणारी

सुकलालच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सोमवारी अंगठा काढा, नाहीतर पाय जाईल. आणि एकतीस वर्षं रातपाळीला कापडाचे माग चालवलेला हा माणूस खाटेवर हटून बसला होता.

"तुझी आई रोज दुपारी येते, मोने. दारात उभी राहते, बोलत नाही. न्यायला आलीय. ऑपरेशनच्या त्या टेबलावरून मी उठणार नाही."

गल्लीही शहाणी! बघायला येणारा जो तो मान डोलवायचा: गेलेलं माणूस मुकं दिसलं म्हणजे बोलावणंच. त्याच्या मुलीचं, मोनालीचं डोकं फिरायचं. सडतोय तो पाय यांच्या बापाचा नाही ना!

शनिवारी ती उशाशीच बसली. रातपाळीच्या सवयीने सुकलाल अजून दुपारीच झोपायचा. शेजारी भाईदासचे सहा माग खडखडत होते. साडेबाराला लाइट गेली, या आठवड्यात रोज याच वेळी जायची. माग गप्प झाले. आणि दोन मिनिटांत सुकलाल कण्हला, "आली... धुरपदा..."

मोनालीच्या अंगावर काटा आला. मग तिने खिडकीतून बंद पडलेल्या मागांकडे पाहिलं.

रविवारी सकाळीच तिने भाईदासला गाठलं. "काका, आप्पा झोपले की मी खिडकीतून हात करते. सगळे माग बंद करा."

"लाइट असताना? पागल झाली का? माझा माल कोण काढेल, तुझा आप्पा?"

"आप्पाच काढतील. पाय राहिला तर."

भाईदास पुटपुटला, पण नाही म्हणाला नाही.

दुपारी पंखा फिरत होता. तिने हात केला. एकेक माग थांबला. एक मिनिट. दोन. तीन. चुकलं की काय? तेवढ्यात सुकलालच्या पापण्या थरथरल्या. "आली गं..."

तिने त्याला गदागदा हलवलं. "कुठून आली? माग मी बंद करायला लावले. मी!"

घामाने भिजलेला सुकलाल कान देऊन ऐकत राहिला. कुठे खट्ट नाही. या गल्लीत मढं उठेपर्यंत एकही माग चालत नाही.

"तिला नेली त्या दिवशी असंच होतं," तो म्हणाला. "एवढंच शांत."

"तेच दिसतं तुम्हाला, आप्पा. ती न्यायला येत नाही. तुम्हाला तो दिवस आठवतो."

त्याने तोंडावरचा घाम पुसला. "उद्या गुंगी देतील. तिथे माग कुठे, मोने? तिथे ती येईलच."

"येऊ द्या की. भेटा. आणि उठा."

सुकलालने पाय सावरला. "ऑपरेशनच्या संमतीचा कागद आण तो. आणि भाईदासला सांग, सही होईस्तोवर माग चालू करू नको म्हणावं. तिलाही बघू दे."