अण्णा हलले नाहीत

माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं व्यक्तिचित्र माझ्या सासऱ्यांचं आहे, आणि ते अर्धवट आहे, कारण मधेच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मी सासऱ्यांना घाबरतो, हे आधीच सांगितलेलं बरं. अण्णा मोशीचे जुने गावकरी. चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला सुपरवायझर होते. पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या वर आवाज चढवून त्यांनी सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तो खाली आणायचं राहून गेलं. मी आकुर्डीत एका कलावर्गात पोर्ट्रेट शिकवतो. माझी ओळख करून देताना अण्णा म्हणायचे, "हे आमचं जावई. असत्यात कायतरी करत." काय करत असतात, असं कुणी विचारलंच तर खोकायचे. एकदा तरी त्यांनी मला चारचौघांत चित्रकार म्हणावं, एवढीच माझी इच्छा! म्हणून धीर करून विचारलं, "अण्णा, तुमचं चित्र काढू का?" (त्यांच्या मुलीला मागणी घालतानाही इतका धीर लागला नव्हता.)

ते लगेच "काढा" म्हणाले. त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले. सासूबाई म्हणाल्या, "आवो, शुगरची गोळी घेतलीया तुमी. दोन घास पोहे खाऊन घ्या."

"आई, उजेड जाईल!" मी कळवळून म्हणालो. "नंतर खातील."

मग अण्णांना सूचना दिल्या. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"आन बोलायचं?"

"तेही नाही."

"बरं," म्हणाले आणि त्यांनी तोंड मिटलं. त्यांना हुकूम सोडण्याची ही माझी पहिलीच वेळ.

इथे माझ्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. आमचे सर जुन्या वळणाचे. पहिलं वर्षभर त्यांनी रंगाला हात लावू दिला नाही, प्लास्टरची मुंडकी कोळशानं काढायला लावली. आम्ही उत्साहानं नाक काढलं की मागून गर्जना यायची, "नाक कुणी मागितलं? डोळे बारीक कर! माणूस विसर! उजेड बघ, सावली बघ!" माणूस विसरायला मला फार कष्ट पडले. पण आता इतका सराव झालाय की एकदा विसरलो की विसरलोच. मॉडेलला अधूनमधून विश्रांती द्यायची असते, हेसुद्धा मी विसरतो. वर्गात मॉडेल स्वतःच आठवण करून देतात. अण्णांनी काही दिली नाही.

डोळे बारीक करून मी कामाला लागलो. काय सांगू, चित्र आपलं आपण होत होतं! थोड्या वेळानं अण्णांच्या कपाळावर एक चमक उतरली. वा! मी पांढरा रंग घेऊन नेमका ठिपका दिला. (तो घाम होता.) मग गालावरची लाली ओसरून तिथे एक दुर्मिळ करडा-हिरवा रंग आला. असा रंग मिळावा म्हणून आम्ही आयुष्यभर तडफडतो! मी तो तब्येतीनं घोटला आणि गालावर चढवला. एवढ्यात त्यांचा हात थरथरला.

"अण्णा, हात!" मी दरडावलं.

हात थांबला. सासरे माझं ऐकतात, या आनंदात मी चित्रातल्या हनुवटीला हात घातला.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी आधी चित्राकडे पाहिलं. "आगं बया! ह्यांचं त्वांड आसं मढ्यावानी का केलंय?"

"आई, जसं दिसतं तसंच काढतो मी," मी जरा दुखावून म्हणालो.

मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं, आणि कपबशी फुटली.

"आवो! आवो, बोला की!"

अण्णा बोलेनात. मी डोळे पूर्ण उघडले आणि सकाळपासून पहिल्यांदा मला अण्णा दिसले. चित्रातला माणूस आणि खुर्चीतला माणूस अगदी हुबेहूब होते हो! माझी बायको वर्षा आतून धावत आली. "अहो, बघत काय बसलाय? साखर आणा!" मी पळालो आणि मीठ आणलं. तिनं ते हिसकावून स्वतः साखर आणली. "अण्णा, तोंड उघडा ना," ती रडत विनवत होती. अण्णांनी दात घट्ट आवळून डोळे तेवढे माझ्याकडे फिरवले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अण्णा, हला!" मी किंचाळलो. "झालं! सुट्टी!"

त्यांनी तोंड उघडलं, साखरपाणी घेतलं आणि खुर्चीत कलंडले.

रिक्षात मी त्यांचा हात धरून बसलो होतो. मोशीच्या चौकात ट्रकांमागे ट्रक, आणि माझ्या मनात एकच धावा चाललेला : देवा, यांना काही झालं तर मी वर्षाला तोंड कसं दाखवू? रडवेल्या आवाजात म्हणालो, "अण्णा, सांगायचं तरी, चक्कर येतीय म्हणून!"

"तुमीच म्हणलात, बोलायचं न्हाई," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. "मला वाटलं, ओव्हरटाइम आसंल."

दवाखान्यात सलाईन लागलं, शुगर वर आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चेहरा कधीपासून असा पडला होता?"

"कपाळ संपवून गालाला आलो तेव्हापासून," मी तत्परतेनं सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे डावा गाल आधी हिरवा झाला. उजवा हनुवटीच्या वेळी."

अण्णांनी उशीवरून मान वळवली. "समदं दिसत हुतं व्हय तुमाला?"

"हो अण्णा."

"आन तरी रंगच लावत बसला?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही पेशंटचे कोण?"

मी तोंड उघडणार, इतक्यात अण्णा भरल्या वॉर्डात, प्रेसशॉपच्या आवाजात म्हणाले, "चित्रकार हायत!"

"नातेवाईक नाहीत ना? मग बाहेर थांबा," बाई म्हणाल्या.

मी आशेनं अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.